रँडी ऱ्होड्स आणि त्याचे साथीदार



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी यंदा आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आम्ही ‘रँडी ऱ्होड्स’ एवढेच सांगितले. त्यांनी ते नाव वहीत उतरवून घेतले आणि मग संकोचाने विचारले, “हे कोणत्या देशातले कामगार पुढारी?” चूक त्यांची नव्हे. गेली तीस वर्षे आम्ही या शहरात बोनस, ग्रॅच्युइटी आणि कंत्राटी पद्धत यांखेरीज दुसऱ्या विषयावर फारसे बोललेलो नाही. तेव्हा प्रथमच सांगून टाकतो की, रँडी ऱ्होड्स हा पुढारी नव्हता. तो अमेरिकेतला गिटारवादक होता. ज्या संगीताचा आवाज शेजारच्या घरातून आला तर आपल्यापैकी बहुतेक जण खिडकी लावून घेतील, त्या ‘हेवी मेटल’ नावाच्या संगीतातला. वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो वारला, त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. तरी त्याचे चाहते त्याला विसरत नाहीत, आणि त्याची आठवण जपता जपता त्यांनी एक अशी गोष्ट केली की जिच्यामुळे आमच्यासारख्या माणसाला या विषयात शिरणे भाग पडले.

आम्ही शिरलो कसे, तेही सांगावयास हवे. आमच्या युनियनच्या कचेरीत एक तरुण फिटर येत असे. कानाला सदैव ती श्रवणयंत्रे लावलेली. आम्ही त्याला एकदोनदा टोकलेही. एके दिवशी त्याने ती यंत्रे काढून आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, “भाऊ, यातली भानगड तुमच्याच खात्यातली आहे. दोन कामगारांची नावं हजेरीपटावरून खोडली, एवढंच नाही, त्यांनी केलेलं कामसुद्धा पुसून टाकलं.” काम पुसून टाकले, हे शब्द आमच्या मनात रुतले. माणसाला कामावरून काढतात, हे आम्ही रोज पाहतो. पण केलेले काम मागाहून कसे पुसणार? विणलेल्या कापडातून एका मागवाल्याचे धागे काढता येतात काय? त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि ऱ्होड्सपाशी पोचलो.

आता थोडा मागचा इतिहास. या संगीताचा हिशेब साधारणपणे १९७० पासून मांडतात. त्या वर्षी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहरातल्या चौघा तरुणांची पहिली तबकडी निघाली. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव ‘ब्लॅक सॅबथ’. पोरे कामगार वस्तीतली. गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेलेली, आणि तो डावखुरा असल्यामुळे नेमका तारा दाबण्याचा हात तो. त्याने प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि वाजवीत राहिला. गायक ऑझी ऑझ्बर्न हा कत्तलखान्यात काम करून आलेला. ज्यांना या संगीतात नुसता गोंगाट ऐकू येतो, त्यांनी एकदा प्रेस शॉपमध्ये पूर्ण पाळी काढावी. मग तो गोंगाट कोठून आला याचा उलगडा होईल. असो. या चौघांवर स्वतंत्र व्याख्यान होईल. आपल्याला एवढेच हवे की, १९७९ साली या वाद्यवृंदाने ऑझ्बर्नला दारूच्या पायी काढून टाकले, आणि तो अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे नवा वाद्यवृंद उभारण्याच्या खटपटीला लागला. तेथे त्याला हा बावीस वर्षांचा पोरगा भेटला.

रँडीचा जन्म ६ डिसेंबर १९५६ चा, कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथला. आई डेलोरेस आणि वडील दोघेही संगीतशिक्षक. पण रँडी दीडएक वर्षाचा असतानाच वडील घर सोडून गेले आणि तीन मुलांचा भार आईवर पडला. या बाईंनी नॉर्थ हॉलिवूडमध्ये ‘म्युझोनिया’ नावाची संगीतशाळा चालविली आणि तिच्यावर घर चालविले. आपल्याकडेही अशा बाया आहेत. एक शिवणयंत्र किंवा एक पेटी एवढ्या भांडवलावर मुले वाढविणाऱ्या. सहासात वर्षांचा असल्यापासून रँडी आजोबांच्या जुन्या गिटारवर शिकू लागला. काही वर्षांतच त्याच्या शिक्षकाने येऊन आईला सांगितले की, याला शिकविण्यासारखे माझ्यापाशी आता काही उरलेले नाही. विशीच्या आत त्याने मित्रांसह ‘क्वायट रायट’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्याच्या दोन तबकड्या निघाल्या, पण त्या जपानात. स्वतःच्या गावी त्यांना कोणी प्रकाशक मिळाला नाही! रात्री वाजवायचे आणि दिवसा आईच्या शाळेत मुलांना गिटार शिकवायची, असा त्याचा क्रम होता. जाणकार सांगतात की तो शिकविण्यानेच घडला. एकच धडा पंचवीस पोरांना पंचवीस तऱ्हांनी समजावून देताना तो धडा शिक्षकाच्या बोटांत कायमचा बसतो.

ऑझ्बर्नपुढे त्याची परीक्षा झाली ती गोष्ट चाहते फार रंगवून सांगतात. तो लहानसे ध्वनिवर्धक यंत्र घेऊन गेला, तारा जुळवून बोटे मोकळी करू लागला, आणि खरे वादन सुरू होण्यापूर्वीच त्याला नेमणूक मिळाली. थोडेफार मीठमसाला लावलेले असेल. पण १९७९ च्या अखेरीस तो इंग्लंडला गेला, हे खरे. तेथे आणखी दोघे आले. बॉब डेझली, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, बास गिटार वाजविणारा. गाण्यांचे बहुतेक शब्दही त्याचेच. दुसरा ली कर्स्लेक, ‘युराया हीप’ या गाजलेल्या वाद्यवृंदात ड्रम वाजवून आलेला. ही दोन नावे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावीत.

१९८० च्या वसंतात सरे परगण्यातल्या ‘रिज फार्म’ नावाच्या शेतावरील ध्वनिमुद्रणगृहात या चौघांनी पहिली तबकडी मुद्रित केली आणि सप्टेंबरात ती बाहेर आली. तिचे नाव ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’. डेझलीचे म्हणणे असे की, हे नाव वाद्यवृंदाचे होते. तबकडी छापून आली तेव्हा मोठ्या अक्षरांत ‘ऑझी ऑझ्बर्न’ आणि हे नाव खाली, असे झाले. चार भागीदारांची पेढी म्हणून निघालेली गोष्ट एका मालकाची आणि तीन नोकरांची झाली.

तबकडी मात्र विलक्षण उतरली. आम्ही ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा दहा मिनिटांत डोके धरले, हे कबूल करतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी कान बसला. ऱ्होड्सने या कारखानी संगीतात युरोपातल्या जुन्या शास्त्रीय गिटारची शिस्त आणली. ‘मिस्टर क्राउली’ या गाण्यात त्याची गिटार दोनदा स्वतंत्रपणे वाजते. ती वाट चुकत भटकत नाही. आपल्याकडे चांगला तानबाज जसा तान कोठे सोडायची हे आधी ठरवून मगच उचलतो, तसे त्याचे आहे. असा एकेक तुकडा तो तीन तीन वेळा, स्वर न् स्वर तोच, वाजवून एकावर एक मुद्रित करी. त्यामुळे एका गिटारीला तिहेरी पीळ पडे. ज्याने लेथवर एकच माप पुन्हा पुन्हा काढले आहे, त्याला यातली मेहनत सांगावयास नको. आणि त्याच तबकडीवर एका मिनिटाहूनही लहान असा, साध्या गिटारवरचा एक तुकडा आहे. ‘डी’ हे त्याचे नाव. आईचे नाव डेलोरेस, तिच्यासाठी.

दुसरी तबकडी ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ याच चौघांनी त्याच शेतावर १९८१ च्या आरंभी मुद्रित केली. ती बाजारात येण्यापूर्वीच डेझली आणि कर्स्लेक यांना काढून टाकण्यात आले. दौऱ्यासाठी रुडी सार्झो आणि टॉमी ऑल्ड्रिज हे दोघे नवे वादक घेतले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर छायाचित्रे आणि नावे होती ती या नव्या दोघांची. ज्यांनी तिच्यात एक ठोकाही वाजविला नव्हता, त्यांची! एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सार्झो आणि ऑल्ड्रिज यांनी हे काम आपले आहे असे कधीही म्हटले नाही; विचारणाऱ्याला ते खरे तेच सांगत आले.

येथे आम्हाला एक जुनी हकीकत आठवते. एका कारखान्याने रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढली. पहिल्या वर्षीच्या कामगारांचे मूळ छायाचित्र आम्ही पाहिले होते, त्यात अकरा माणसे होती. स्मरणिकेत सात निघाली. उरलेले चौघे संपात पुढे होते. छायाचित्राची कड इतक्या सफाईने कापली होती की, ज्याला ठाऊक नाही त्याला संशयही येऊ नये. त्या चौघांपैकी एकाची पत्नी ती स्मरणिका घेऊन कचेरीत आली होती. तिला पैसे नको होते, खटला नको होता. “हे होते ना हो तिथे?” एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारीत होती.

ऱ्होड्सचा शेवट १९ मार्च १९८२ रोजी झाला. नॉक्सव्हिल गावचा कार्यक्रम आटोपून मंडळी बसने ऑर्लँडोकडे निघाली होती. बसचा चालक रात्रभर गाडी हाकून सकाळी फ्लॉरिडातील लीझबर्ग गावी पोचला. तेथे एक खासगी धावपट्टी होती. चालकाला विमान चालविता येत असे. त्याने परवानगी न घेता एक लहान विमान बाहेर काढले. पहिली फेरी सुखरूप झाली. दुसऱ्या फेरीला ऱ्होड्स आणि मंडळींचे कपडे व केस सांभाळणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई बसल्या. बसमध्ये झोपलेल्यांना गंमत दाखवावी म्हणून चालक विमान बसच्या अगदी वरून नेऊ लागला. पंख बसला घासला, विमान झाडावर आणि पुढे एका घराच्या मोटारखान्यावर आदळून पेटले. तिघेही गेले. चौकशीत निघाले की, चालकाच्या वैद्यकीय दाखल्याची मुदत संपली होती आणि त्याच्या शरीरात कोकेनचा अंश होता. रात्रभर जागलेल्या माणसाने यंत्र हाती घेणे म्हणजे काय, हे आपल्या इथल्या महामार्गावर रोज दिसते. ऱ्होड्स स्वतः विमानाला भीत असे, आणि त्या दिवसांत दौऱ्यावर गावोगावी शास्त्रीय गिटारचे शिक्षक शोधून तो धडे घेत होता. रॉक सोडून त्या विद्येची पदवी घ्यावी असे त्याच्या मनात होते.

त्या मार्चमध्ये मुंबईत गिरणी संपाला दोन महिने झाले होते. आम्ही शाळेत होतो, वडील संपावर. त्या दिवशी सकाळी अमेरिकेत एक पोरगा जळून मेला, याची वार्ता आमच्या चाळीत कोणाला असण्याचे कारणच नव्हते. ऱ्होड्सची मृत्युतारीख प्रथम वाचली तेव्हा मात्र चाळीतला तो रिकामा, भोंगा नसलेला सकाळचा वेळ एकदम डोळ्यांपुढे उभा राहिला.

सॅन बर्नार्डिनो येथे त्याची समाधी आहे. तेथे चाहते जातात, तारा छेडण्याच्या चकत्या ठेवून येतात. १९८७ साली त्याच्या जिवंत कार्यक्रमांची ‘ट्रिब्यूट’ नावाची तबकडी निघाली. आई डेलोरेस २०१५ साली, पंचाण्णवाव्या वर्षी वारली. तोवर म्युझोनियाचे दार चाहत्यांना उघडे होते, आणि दूरदेशीची माणसे तेथे येऊन रँडीची खुर्ची, रँडीची गिटार पाहून जात. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या शाळेत चोरी झाली आणि त्याची बालपणीची गिटार वगैरे वस्तू गेल्या. बातमी चाहत्यांत वाऱ्यासारखी पसरली. ऑझ्बर्नने पंचवीस हजार डॉलरांचे बक्षीस लावले. थोड्याच दिवसांत काही वस्तू कचऱ्याच्या पेटीत सापडल्या.

परंतु वस्तूंची चोरी ही सोपी गोष्ट. आमचा विषय दुसऱ्या चोरीचा आहे. निदान चाहत्यांनी तिला तेच नाव दिले.

डेझली आणि कर्स्लेक यांनी आपल्या हक्काच्या पैशासाठी कोर्टाची पायरी प्रथम ऐंशीच्या दशकात चढली आणि पुन्हा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. मागणी अशी की, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे वादकाला जो हिस्सा मिळतो तो आम्हाला मिळत नाही. हा दुसरा दावा चालू असतानाच, २००२ साली, या दोन्ही तबकड्यांची नवी आवृत्ती निघाली. चाहत्यांनी ती घरी नेऊन लावली आणि पहिल्याच मिनिटाला चमकले. आवाज ऑझ्बर्नचा होता, गिटार ऱ्होड्सची होती. पण ड्रम कर्स्लेकचे नव्हते आणि बास डेझलीची नव्हती. दोघांचे वादन काढून टाकून त्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन या नव्या वादकांकडून तेच भाग पुन्हा वाजवून घेतले होते.

हे शक्य कसे झाले? ध्वनिमुद्रणगृहात प्रत्येक वाद्य फितीच्या वेगळ्या पट्टीवर मुद्रित करतात आणि शेवटी सर्व पट्ट्या एकत्र मिसळतात. मूळ फीत ज्याच्या ताब्यात, त्याला कोणतीही पट्टी मुकी करता येते. आमच्या फिटरचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कापडातून एका मागवाल्याचे धागे येथे खरोखरच काढता येतात.

ऑझ्बर्नच्या पत्नी आणि व्यवस्थापक शॅरन यांनी कारण दिले ते असे की, या दोघांचे वर्तन अन्यायाचे होते, म्हणून ऑझीला त्यांना काढावयाचे होते. शिवाय जुन्या तबकडीला ताजेपणा आला. पुढे ऑझीने, हा निर्णय आपला नव्हता, असे सांगून अंग काढून घेतले. अमेरिकेतल्या न्यायालयात डेझली-कर्स्लेक यांचा तो दावा टिकला नाही, हेही सांगितलेच पाहिजे. कायद्याच्या हिशेबात ते हरले. नव्या दोन वादकांना दोष देणे आम्हाला जमत नाही. त्यांना काम सांगितले, त्यांनी ते चोख केले. मात्र ज्या यंत्रावर काल दुसऱ्याचा हात होता तेथे आज आपला हात कशासाठी ठेवीत आहेत, हे प्रत्येक बदलीवाल्याने एकदा विचारावे, एवढे आम्ही आमच्या सभांतून सांगत आलो आहोत.

चाहते का खवळले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. त्यांतल्या बहुतेकांना डेझली आणि कर्स्लेक यांच्याबद्दल विशेष ममत्व होते असे नव्हे. त्यांचे प्रेम ऱ्होड्सवर. पण श्रोतेहो, अशी कल्पना करा की, आपल्या आवडत्या दिवंगत गवयाची मैफल मुद्रित केलेली आहे आणि तीस वर्षे ती आपण ऐकत आहोत. कोणी एके दिवशी तिच्यातला तबला काढून टाकला आणि आजच्या तबलजीकडून नवा ठेका भरला. ठेका बिनचूक आहे, सम चुकत नाही. पण गवई त्या रात्री ज्या माणसाकडे पाहून हसला, ज्याच्या एका तुकड्याला त्याने दाद दिली, तो माणूसच तेथे नाही. गवई कोणाला प्रतिसाद देत आहे? ऱ्होड्सचे हेच झाले. त्याने १९८० साली कर्स्लेकच्या ठोक्यावर बोट ठेवले होते, डेझलीच्या स्वराला उत्तर दिले होते. ती माणसे काढली आणि तो हवेत वाजवू लागला. त्याला ‘हे बदलू नका’ असे सांगता येत नव्हते, कारण तो वीस वर्षांपूर्वी मेला होता. त्याच्या वतीने ते चाहत्यांनी सांगितले. ज्याची आठवण जपायची, त्याच्या साथीदारांनाही जपावे लागते, हे या पोरांना कोणत्याही अभ्यासवर्गात न बसता कळले. दोन्ही तबकड्यांत त्या आवृत्तीचा हात फारसा पोचला नाही असा एकच तुकडा म्हणजे आईसाठी वाजविलेला ‘डी’. तेथे तो एकटाच आहे.

तक्रार नऊ वर्षे चालू राहिली. २०११ साली नवी आवृत्ती निघाली, तिच्यात जुने ड्रम आणि जुनी बास परत आली.

कर्स्लेकला पुढे कर्करोग झाला. २०१८ च्या अखेरीस त्याने आपली एक अखेरची इच्छा बोलून दाखविली. अमेरिकेत दहा लाख प्रती खपल्या की तबकडीत भाग घेणाऱ्यांना चौकटीत बसविलेली एक ‘प्लॅटिनम’ तबकडी मानचिन्ह म्हणून देतात. ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’च्या तेथे चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या, आणि तिच्यात ड्रम वाजविणाऱ्याच्या भिंतीवर ती चौकट नव्हती. त्याने ऑझ्बर्न दांपत्याला पत्र लिहून ती मागितली. जानेवारी २०१९ मध्ये दोन्ही तबकड्यांची मानचिन्हे आणि ऑझीच्या हातचे पत्र त्याच्या घरी आले. पैसे नव्हेत, नाव. १९ सप्टेंबर २०२० रोजी, त्र्याहत्तराव्या वर्षी, तो वारला. ऱ्होड्सला २०२१ साली अमेरिकेतल्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने सन्मानाने घेतले. आणि ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ऑझी ऑझ्बर्नने खुर्चीत बसून शेवटचा कार्यक्रम केला, तेव्हा त्याच्या वाट्याच्या पाच गाण्यांपैकी चार या पहिल्या तबकडीवरची होती. सतरा दिवसांनी तोही गेला.

आमचा फिटर आता पुण्याकडे एका कारखान्यात असतो. मागच्या दिवाळीत भेटला. त्याला अजूनही जुन्या तबकड्या हुडकण्याचा नाद आहे. जुन्या सामानाच्या दुकानात ही तबकडी दिसली की तो मुखपृष्ठाकडे पाहत नाही, ती उलटी करतो आणि बारीक अक्षरातले साल वाचतो. २००२ असले की परत ठेवून देतो.